बेरेनश्ट्रासंवरची फ्रित्सी

बर्लिनचं बाकी सगळं एका ओळीत उरकते: म्युझियम आयलंड बघितलं, भिंतीचे तुकडे बघितले, पाय दुखले. लिहायचंय ते बेरेनश्ट्रासं नावाच्या एका रस्त्याबद्दल. आणि गेल्या शतकातली गायिका-नटी फ्रित्सी मासारी हिच्याबद्दल, जिचं नाव आमच्या वॉकिंग टूरच्या गाइडने एकदाही घेतलं नाही.

या रस्त्याच्या पश्चिम टोकाला होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंचं, स्मारक आहे. काँक्रीटचे 2711 करडे ठोकळे. गाइड म्हणाला, "फोटो काढून घ्या, मग कॉफी." एक मुलगा एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता आणि त्याची आई व्हिडिओ घेत होती. माझं डोकंच फिरलं. कॉफीचे पैसे टूरमध्ये धरलेले होते, तरी मी तिथूनच सटकले. तसंही संध्याकाळचं नाटकाचं तिकीट पुण्यातूनच काढून ठेवलेलं, आणि थिएटर याच रस्त्यावर, दहा मिनिटांच्या आत.

ते थिएटर म्हणजे कोमिशे ओपर, बाहेरून इतकी रुक्ष की मी आधी पुढेच निघून गेले. आत शिरल्यावर मात्र सोनं, गुबगुबीत प्लॅस्टरचे पुतळे, लाल मखमल! प्रेक्षागृह 1892चं आहे. युद्धात बॉम्ब पडले त्यातून ते वाचलं. बाहेरचा भाग पूर्व जर्मनीच्या काळात, 1960च्या दशकात नव्याने बांधला. युद्धाआधी याचं नाव होतं मेट्रोपोल थिएटर, आणि इथली राणी होती मासारी.

जन्म व्हिएन्नाचा, 1882चा, ज्यू घरातला. विशीत बर्लिनला आली, मेट्रोपोलच्या रेव्ह्यूंमधून, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या कार्यक्रमांतून, नाव झालं आणि मग ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकं. संगीतकार लिओ फालची 'मादाम पोम्पादूर' 1922मध्ये तिने गाजवली. 1928मध्ये लेहारची 'मेरी विडो' पुन्हा रंगमंचावर आली, तेव्हाही नायिका हीच. जायच्या आधी मी तिच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या. खरं सांगू? पहिल्यांदा ऐकून निराशा झाली. सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी बाई, म्हटलं की झुंबर हलवणारा आवाज अशी माझी समजूत, आणि हिचा आवाज बेताचाच. पण ती एखाद्या शब्दापाशी किंचित थांबते, तो जिभेवर घोळवते, आणि मग असा सोडते की जर्मन न कळणाऱ्या मलाही त्यातला चावटपणा कळला. बैठकीच्या लावणीत अदा करताना बाई जशी एकच ओळ पुन्हा पुन्हा नव्या नजरेने म्हणते, तसंच काहीसं.

मी पाहिलं ते संगीतकार ऑस्कर श्ट्राउसचं 'आइने फ्राउ, डी वाइस, वास झी विल', म्हणजे आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असलेली बाई. मासारीसाठीच लिहिलेलं, 1932मध्ये याच मंचावर पहिला प्रयोग झाला तेव्हा ती पन्नाशीची होती. नायिका प्रसिद्ध गायिका, तिला एक मुलगी, आणि आपली आई कोण हे त्या मुलीला माहीतच नाही. मासारीला स्वतःलाही लग्नाविना झालेली मुलगी होती. प्रेक्षकांतल्या कितीजणांना ते ठाऊक असेल आणि ते कसे गालात हसले असतील!

दिग्दर्शक बॅरी कॉस्कीच्या या प्रयोगात सगळ्या भूमिका दोघंच करतात, डागमार मान्त्सेल आणि माक्स हॉप. दारातून एक जण आत जातो आणि श्वास घ्यायच्या आत भलत्याच वेशात बाहेर येतो. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोट्या पडद्यावर भाषांतर येतं, तुर्कीतसुद्धा. मध्यंतर नाही. बटाटेवडा आणि चहाशिवाय नाटक ही कल्पनाच मला सहन होत नाही, पण इथे भुकेची आठवणही आली नाही.

मग ते गाणं आलं: बाईचं लफडं का असू नये? लोक तसंही बोलणारच आहेत, तर मग खरंच असलेलं काय वाईट! मान्त्सेलने ते जवळजवळ बोलत म्हटलं. सगळं थिएटर हसत होतं. मीही हसले, आणि मध्येच मला सकाळचे ते ठोकळे आठवले. 1932मध्येही हेच गाणं याच छताखाली ऐकून लोक हसले होते. त्यानंतर काही महिन्यांत हिटलर सत्तेवर आला आणि मासारीचं बर्लिन कायमचं सुटलं. 1934मध्ये तिचा नवरा, विनोदी नट माक्स पालेनबेर्ग, विमान अपघातात गेला. 1938मध्ये लंडनला नाटककार नोएल कॉवर्डने तिच्यासाठी एक भूमिका लिहिली, तेवढंच. पुढे अमेरिका गाठली आणि 1969मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये वारली. जीव वाचला हे खरं, पण तीसेक वर्षं मंचाविना! त्याबद्दल कुणाला जाब विचारायचा?

हॉटेलवर नवरा पिझ्झा खाऊन घोरत होता. 'ऑपेरा' हा शब्द ऐकूनच त्याने यायला नकार दिला होता. त्याला उठवून मी सगळं गाणं ऐकवलं. तो म्हणाला, "लफडं सकाळी कर, आता झोप."

हे थिएटर 2023पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. प्रयोग आता शिलर थिएटरमध्ये होतात. तेव्हा माझं ऐकून एवढ्यात बेरेनश्ट्रासं गाठलंत, तर सोनं-मखमल काही दिसायची नाही, आणि बाहेरून ती इमारत बघून तुम्ही मलाच शिव्या घालाल.