तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आम्हीही जाळतोच की!’

मी बेने इस्राईल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू आहे हे कळलं आणि बोलता बोलता विषय ऑशविट्झवर, नाझींनी ज्यूंना मारलं त्या पोलंडमधल्या छावणीवर गेला की ठाण्यात हा प्रश्न हमखास येतो: मारलं ते वाईटच, पण प्रेतं जाळली याचं एवढं काय, आम्हीही जाळतोच की. विचारणारी माणसं चांगली असतात, कुणी टोमणा मारत नाही, म्हणून मी आजवर ‘आमच्यात पुरतात’ एवढंच बोलून विषय बदलायचे. खरं आहे ते, पण पुरेसं नाही.

तुमच्याकडे अग्नी द्यायला घरचं माणूस असतं. तिसऱ्या दिवशी राख सावडता, अस्थी नाशिकला रामकुंडावर नेता, गेलेल्याचं नाव घेऊन सोडता. ऑशविट्झच्याच बिर्केनाउ भागात न जळलेली हाडं कुटली आणि राख ट्रकने नेऊन सोला, विस्तुला नद्यांत ओतली, तळ्यांत टाकली, शेतात खत म्हणूनही घातली. आणि हे सगळं करायला लावलं ज्यू कैद्यांनाच. कीव्हला बाबी यारच्या घळीत सप्टेंबर 1941 मध्ये दोन दिवसांत 33,771 ज्यूंना गोळ्या घातल्या होत्या. 1943 मध्ये रशियन फौज जवळ यायला लागली तशी पाउल ब्लोबेल या नाझी अधिकाऱ्याच्या माणसांनी बेड्या घातलेल्या कैद्यांकडून तीच प्रेतं उकरून काढून जाळली, खाली रचायला शेजारच्या ज्यू कब्रस्तानातले कबरींचे दगड आणले, शिवाय सोन्यासाठी राख चाळली. पुरावा राहू नये म्हणून पुरलेली माणसं वर काढून जाळायची, याची बरोबरी तुमच्या चितेशी करू नका हो, तुमच्याच चितेचा अपमान होतो.

‘पण तुमचं तर तिथे कुणी गेलं नाही ना?’ हेही ऐकते. नाही गेलं. कोकणात आम्हाला कुणी हात लावला नाही, हे मीच सगळ्यांना अभिमानाने सांगते. मग मला एवढं का लागतं?

आई गेली तेव्हा आंघोळ घालून मामीने तिचे केस विंचरले आणि कंगव्यात अडकलेले केस एकेक सोडवून कफनात ठेवले, शरीराचं काही म्हणजे काही बाहेर राहू नये म्हणून. मी पाणी धरून उभी होते. पुढे इस्राईलमधल्या अश्दोदच्या मावशीबरोबर ऑशविट्झला गेले. तिथे आता म्युझियम आहे, त्याच्या ब्लॉक 4 मध्ये काचेमागे केसांचा ढीग आहे, जवळपास दोन टन. जानेवारी 1945 मध्ये कॅम्प सुटला तेव्हा पोत्यांत बांधून ठेवलेले सात टन सापडले होते. जर्मन कारखान्यांना किलोला 50 फेनिगने, म्हणजे अर्ध्या मार्काला विकायचे, त्याचा नमदा व्हायचा, पाणबुडीवरच्या खलाशांचे मोजे व्हायचे. हे सगळं मी वाचून गेले होते, तरी तिथे पाय हलेनात. रंग उडून सगळे एकच मातकट करडे झालेत, आणि त्यात एक वेणी अजून घट्ट, कापली तिथे जाड, शेंड्याला बारीक, कुणीतरी त्या दिवशी सकाळी किंवा आदल्या रात्री गाडीच्या डब्यात बसून घातलेली असणार. मला मामीचा कंगवाच दिसायला लागला. मावशी मराठीत मोठ्याने म्हणाली, ‘अरे पुरा रे यांना कुणीतरी!’ लोक वळून बघायला लागले आणि मी तिला गप्प केलं.

तेव्हा मी म्हणायचे, नाही पुरायचं, हे पुरलं की उद्या लोक म्हणतील असं काही झालंच नाही. आता वाटतं, ज्यांना नाकारायचंय ते काचेसमोर उभे राहूनही नाकारतात, त्यांच्यासाठी कुणाच्या तरी आईचे केस किती वर्षं मांडून ठेवायचे? वॉशिंग्टनच्या म्युझियमला असेच केस ठेवायचे होते, पण वाचलेल्यांपैकी काहींनी विरोध केला, त्यात आमच्या आया असतील म्हणाले, तर तिथे फक्त फोटो लावला. ऑशविट्झवाले केसांवर टिकवण्याची प्रक्रिया करत नाहीत, माणसाचा देह आहे म्हणून, पण पुरतही नाहीत.

मावशी फोनवर अजून हेच काढते, पुरायला हवेत म्हणते. मी अजूनही ‘राहू देत’च म्हणते. आईचे असते तर म्हटलं असतं का, असं ती विचारते, आणि त्याचं उत्तर मी तिला दिलेलं नाही.