रेड माउंटन पास : नकाशा हातात धरून पाहायची खिंड

कोलोरॅडोच्या सॅन हुआन पर्वतातली ही खिंड ३,३५८ मीटरवर, युरे आणि सिल्व्हर्टन या दोन जुन्या खाणगावांच्या मध्ये आहे. ५५० क्रमांकाचा डांबरी महामार्ग थेट माथ्यावरून जातो, त्यामुळे उन्हाळ्यात साधी कार पुरते. चढावं ते युरेकडूनच. या बाजूने चढण सुमारे ९८० मीटर, सिल्व्हर्टनकडून जेमतेम ५२०, आणि खिंडीचं खरं रूप युरेच्या बाजूच्या उत्तर उतारावरच कळतं. मात्र दक्षिणेकडे जाताना दरी तुमच्याच बाजूला येते आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. उंचीची धास्ती असेल तर सिल्व्हर्टनहून निघा; गाडी डोंगराच्या कडेने राहते.

सोबत १:२४,००० प्रमाणाचा ‘आयर्नटन’ नावाचा नकाशा ठेवा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) युरेच्या वरच्या घळईत एकमेकींना चिकटतात, आयर्नटन पार्कच्या सपाटीवर एकदम विरळ होतात आणि माथ्याखाली पुन्हा दाटतात. या घळईनेच रेल्वे अडवली. रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्या ऑटो मियर्सची तीन फुटी नॅरोगेज १८८८ मध्ये सिल्व्हर्टनकडून खिंड ओलांडून आयर्नटन या खाणगावापर्यंत आली, युरेला कधीच पोचली नाही. कॉर्कस्क्रू गल्च या अरुंद घळीत तर वळण घ्यायलाही जागा नव्हती. मुख्य मार्गावरच टर्नटेबल, म्हणजे इंजिन फिरवायची गोल फिरती चकती, बसवावं लागलं.

रस्त्यावरून दिसणारा यांकी गर्ल खाणीचा लाकडी मनोरा चुकवू नका. इथलं चांदीचं खनिज उभ्या नळकांड्यांसारखं सापडलं, म्हणून खोल शाफ्ट, म्हणजे उभ्या विहिरी, खणले. खडकात पायराईट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, भरपूर. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल तयार होतं, आणि त्या पाण्याने खाणीतले पंप, पाईप, रूळ अक्षरशः खाल्ले. डोंगरांचा लाल रंग त्याच पायराईटच्या गंजाचा. रेड माउंटन क्रीकच्या काठाशी वाकून पाहा, पाण्यातल्या दगडांवर नारिंगी साय धरलेली दिसेल. हे पाणी पिऊ नका. उकळल्याने किंवा साध्या फिल्टरने विरघळलेले धातू जात नाहीत.

इंधन गावातच भरा, वाटेत पंप नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा पडतात, म्हणून माथा बारापूर्वी गाठा. उतरताना गिअर खालचा ठेवा; नुसत्या ब्रेकवर राहिलं की ते तापतात. शाफ्टच्या तोंडाशी जाऊ नका, कुजलेलं लाकूड कधी बसेल सांगता येत नाही. हिवाळ्यात हिमकडे कोसळून रस्ता बंद होतो. निघण्याआधी त्याच सकाळची स्थिती तपासा.