खालचा भात

लहान हॉटेलात लपता येत नाही. मॉलमधल्या मोठ्या रेस्टॉरंटात आपण कोपरा धरून बसतो आणि आपण काय टाकलं, काय खाल्लं याची कुणी दखल घेत नाही. वाशीत सिडकोच्या एका जुन्या इमारतीखालच्या गाळ्यात मात्र पाच-सहाच टेबलं आहेत. त्यातलं एक भिंतीला इतकं चिकटलेलं, की आतल्याला हात धुवायला जायचं तर बाहेरच्याने उठायलाच हवं. शेजारच्या टेबलावर लग्नाची बोलणी चालू असली तर मुलाचा पगार आपल्यालाही कळतो. आणि ताटात भात उरला की आतल्या खिडकीतून चाचा विचारतात, "काय झालं? आवडलं नाय?"

चाचा रत्नागिरीकडचे. उमेदीची वर्षं कुवेतमध्ये एका इराणी माणसाच्या भटारखान्यात काढलेली. परत आल्यावर सगळ्यांनी 'बिर्याणी विक, चालेल' म्हणून सांगितलं, तरी हे हट्टाने इराणी जेवणच करत बसले. पाटी वाचून आत शिरणारे अर्धेअधिक लोक बनमस्का मागतात. त्यांचं तरी काय चुकलं? यझद-केरमानकडून आलेल्या झरथोस्ती इराण्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर कॅफे काढले, पण तिथला खिमापाव आणि कडक ब्रून पाव हे सगळं मुंबईचंच. बॅलार्ड इस्टेटला १९२३पासून चालत आलेल्या ब्रिटानियाच्या बेरी पुलावातलं ते झिरेश्क नावाचं आंबट लाल सुकं फळही इराणी पदार्थांतलं, पण पुलावाचा मसाला आपला. चाचांकडे तेच झिरेश्क लोण्यात जरासं परतून केशरी भातावर येतं. मसाला नसतोच.

हा पहिला धक्का. "यात काहीतरी घालायचं राहिलंय," असं माझा नवरा पहिल्या घासाला म्हणाला होता आणि त्याने चिली सॉसची बाटली शोधली होती. ती ठेवतच नाहीत. तिखटाचा आधार काढून घेतला की जिभेला दुसरीकडे बघावं लागतं, आणि मग आंबटाचे प्रकार दिसू लागतात. कबाबावर भुरभुरलेल्या सुमाकच्या लालसर फळपुडीचं आंबट वेगळं, फेसेनजानमधल्या डाळिंबाच्या आटवलेल्या रसाचं वेगळं. फेसेनजान म्हणजे बारीक कुटलेल्या अक्रोडाच्या रश्शात शिजलेली कोंबडी. अक्रोडाला तेल सुटेपर्यंत तो रस्सा तास दोन तास मंद आचेवर राहतो. रंगाला चिखलासारखा, त्यामुळे फोटो काढणारे त्याच्या वाटेला जात नाहीत. बरंच आहे.

घोर्मे सब्जी हे आईचं प्रकरण. मेथी, कोथिंबीर, पार्सली काळपट होईपर्यंत परतून त्यात मटण आणि राजमा. आई मालवणची. मेथीत मटण म्हटल्यावर तिने आधी चमच्याने नुसतंच उकरून बघितलं. मग एक काळं, लिंबाएवढं काहीतरी हाती लागलं. ते लिंबूच होतं, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात खडखडीत वाळवलेलं. तिने ते दाबलं, रस चाखला आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "याच्यात कोकम का नाही घालत?"

"मावशी, कोकम घातलं तर ते आपलंच होईल ना," चाचा म्हणाले.

त्यांचं खरं जमलं ते भातावर. इराणी लोक तांदूळ अर्धाकच्चा शिजवून वेळून घेतात आणि मग लोण्यावर, मंद आचेवर त्याला पुन्हा वाफ देतात. वेळलेला भात आईच्या माहेरचाच, त्यामुळे तिथवर तिला नवल वाटलं नाही. पण आपण झाकणावर पाणी ठेवतो, हे लोक झाकणाला फडकं बांधतात, म्हणजे वाफ फडक्यात जिरते आणि थेंब भातावर पडत नाही. हे ऐकून ती गप्प झाली. तिच्यासाठी ही मोठी गोष्ट. वरचा भात मोकळा राहतो आणि तळाशी सोनेरी, कुरकुरीत थर धरतो, कधी नुसत्या भाताचा, कधी खाली बटाट्याच्या चकत्या लावून. याला तहदीग म्हणतात, आणि तो पाहुण्याला आधी देतात. आमच्या घरात पातेल्याची खरपुडी सगळ्यांची जेवणं झाल्यावर आईच्या वाट्याला यायची, वर ताक घालून. तिने ती कधी मागितली नाही आणि आम्हीही कधी विचारली नाही. इथे मात्र चाचांनी तो अख्खा तुकडा तिच्याच ताटात ठेवला. तिने सवयीने तो मोडून आम्हाला वाटायला घेतला, पण एक तुकडा तोंडात गेल्यावर हात आखडता घेतला.

तहदीग म्हणजे लहान हॉटेलचंच काम, असं माझं मत झालंय. पातेल्याला तळ एकच. शंभर टेबलांना पुरवायचं तर तो वेगळ्या ट्रेमध्ये भाजून काढावा लागेल, आणि मग तो पापडच. चाचांकडे रात्री नवाच्या सुमाराला जे काय निघतं ते निघतं, आणि कुणाला द्यायचं ते तेच ठरवतात. नव्या माणसाला आधी. आम्ही आता नेहमीचे झालो. मागच्या वेळी आईने हक्काने मागितलं तर म्हणाले, "मावशी, तुम्ही आता घरच्या. पाहुण्यांचं होऊ दे." हे तिला अजिबात पटलेलं नाही. पुढच्या खेपेला डोंबिवलीच्या मामीला घेऊन जायचं, तिला पुढे बसवायचं आणि आपण तिच्या शेजारी, असं तिचं ठरलंय.