कॅननच्या ईएफ लेन्स सोनीच्या बॉडीवर: ऑटोफोकस नीट चालवण्याचा माझा अनुभव

लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला जोडणारं कडं, म्हणजे अडॅप्टर, कोणत्या कंपनीचा घ्यायचा, हे सगळे आधी विचारतात. सोनी ए७ III कॅमेऱ्यावर ईएफ लेन्स वापरल्यावर माझं ठाम मत झालं आहे की आधी लेन्समधली मोटर बघावी.

कॅननचा ईएफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९८७ मध्ये आला तेव्हापासून फोकसची मोटर आणि अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याचं छिद्र लहान-मोठं करणारी) यंत्रणा लेन्समध्येच आहे. बॉडीकडून फक्त वीज आणि आज्ञा येतात, त्यामुळे अडॅप्टरला त्या आज्ञा बदलून देता येतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस बॉडीतली मोटर दांड्याने फिरवते. निकॉनच्याच एफटीझेड अडॅप्टरवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही, तो यामुळेच.

अंतराचं गणित सोपं आहे. ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमीवर, सोनी ई माउंटपासून १८ मिमीवर. मधली २६ मिमी अडॅप्टरने भरून काढायची, आत काच नाही. अडॅप्टर जरासा जाड निघाला तर अनंतावर फोकस मिळत नाही, म्हणून बरेच अडॅप्टर किंचित आखूड बनवलेले असतात. हे मी २४ मिमीसारख्या वाइड लेन्सवर तपासतो, कारण तिथे थोडाही फरक लगेच दिसतो. मॅन्युअल फोकसवर लांबचा मनोरा धरायचा आणि चित्र मोठं करून बघायचं.

जोडण्याआधी अडॅप्टर संगणकाला लावून फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावं. मग कॅमेरा बंद ठेवून सगळे कॉन्टॅक्ट (वीज आणि आज्ञा नेणारे धातूचे ठिपके) आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसायचे. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, हे टाळू नये. अडॅप्टर आधी लेन्सला लावतो (लाल खूण लाल खुणेसमोर) आणि मग दोन्ही मिळून बॉडीला (पांढरी खूण), खट् असा आवाज येईपर्यंत. लेन्स हलकेच हलवून बघावी. ढिली असेल तर पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या जागी ‘एफ--’ दिसतं आणि ऑटोफोकस मधेच बंद पडतो.

आता मोटरकडे. कॅमेरा फोकस दोन पद्धतींनी शोधतो. फेज डिटेक्शनमध्ये बॉडीला दिशा आणि अंतर दोन्ही कळतं, लेन्स एका झेपेत तिथे पोचते. कॉन्ट्रास्ट पद्धतीत लेन्सला पुढे-मागे करत सर्वात स्पष्ट जागा शोधावी लागते. कॅननच्या लेन्समध्ये वेगवेगळ्या मोटर असतात. जुन्या रिंग यूएसएम मोटरचा झेप घेण्याचा वेग उत्तम आहे, पण सारखी दिशा बदलताना ती अडखळते. एसटीएम आणि नॅनो यूएसएम मोटरला तेच सहज जमतं. म्हणून ५० मिमी एफ/१.८ ची २०१५ ची एसटीएम आवृत्ती जुन्या दुसऱ्या आवृत्तीपेक्षा कितीतरी समाधानकारक चालते. मेनूमध्ये ‘एएफ सिस्टम’ हा पर्याय दिसत असेल तर तो फेज डिटेक्शनवर ठेवा. फोकस मागे-पुढे शोधत राहिला तर अ‍ॅपर्चर उघडा आणि मधला एकच फोकस बिंदू निवडा. या बॉडीवर ६९३ बिंदू आहेत, पण परक्या लेन्सवर कडेच्या बिंदूंचा भरवसा मी धरत नाही.

स्थिर विषय, पोर्ट्रेट, निसर्गचित्रं यांसाठी हे सगळं झकास आहे. पळत्या विषयावर सलग फोटो काढताना पहिल्या फ्रेमनंतर फोकस मागे पडू शकतो. व्हिडिओला मी सरळ मॅन्युअल फोकस आणि पीकिंग (फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगाने दाखवणारी सोय) वापरतो.

८५ मिमी एफ/१.८ सारख्या लेन्समध्ये स्थिरीकरण (हाताचा हलका कंप सावरणारी सोय) नाही, ते काम बॉडी करते. त्यासाठी बॉडीला फोकल लांबी बरोबर कळायला हवी. काढलेल्या फोटोच्या माहितीत ८५ दिसतंय ना, ते बघा. नसेल तर स्टेडीशॉटच्या (सोनीच्या स्थिरीकरणाच्या) सेटिंगमध्ये आकडा हाताने भरा, चुकीच्या आकड्याने फोटो उलट हलतो.

७०-२०० मिमीसारखी जड लेन्स ट्रायपॉडवर लावताना स्क्रू लेन्सच्या कॉलरलाच (लेन्सभोवतीच्या ट्रायपॉडच्या कड्याला) बसवा. बॉडीला बसवला तर सगळं वजन अडॅप्टरच्या दोन्ही माउंटवर येतं. आणि काही अडॅप्टर कॅमेरा बंद असतानाही थोडी वीज खातात, म्हणून बॅगेत ठेवताना बॅटरी काढून ठेवलेली बरी.