आयटीचे शेअर पडलेत, आता घ्यावेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बाजार कोसळला की हा प्रश्न हमखास येतो: 'अमुक शेअर वरच्या भावापासून तीस टक्के खाली आलाय, घेऊन टाकू का?' या प्रश्नात एकच आकडा आहे, आणि निर्णयाला तोच सगळ्यात कमी उपयोगाचा. भाव किती पडला ते नंतर बघू. कमाईचे अंदाज पडायचे थांबलेत का, ते आधी बघा.

समजा, शेअर १,५०० रुपयांना होता आणि प्रतिशेअर कमाई ६० रुपये. पीई, म्हणजे भाव भागिले प्रतिशेअर कमाई, झाला २५. भाव १,२०० वर आला की अ‍ॅपवर पीई २० दिसतो आणि हात शिवशिवायला लागतात. पण अ‍ॅप मागच्या चार तिमाह्यांची कमाई धरतं. पुढच्या वर्षी तीच कमाई ५० वर येणार असेल, तर तुम्ही २४ पीईने घेताय. तीनशे रुपये उतरूनही माल जवळजवळ त्याच भावात.

२०२३ सालचं इन्फोसिसचं उदाहरण घ्या. १३ एप्रिलला बाजार बंद झाल्यावर तिमाही निकाल आले आणि कंपनीने महसुलाच्या वर्षभराच्या वाढीचा अंदाज ४ ते ७ टक्के दिला. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवारी १७ तारखेला शेअर नऊ टक्क्यांहून जास्त आपटला. जुलैत तोच अंदाज १ ते ३.५ टक्क्यांवर आणला, ऑक्टोबरात १ ते २.५ वर. जुलैच्या निकालानंतर शेअर पुन्हा जोरात पडला, पण एप्रिलचा तळ काही तुटला नाही, ऑक्टोबरातही नाही. बातमी आधीपेक्षा वाईट आणि भाव मात्र जुन्या तळाच्या वर, असं झालं की विकणारे बहुतेक विकून मोकळे झालेत असं समजायला हरकत नाही. खात्री नाही ही, पण नुसत्या टक्केवारीपेक्षा कितीतरी बरी खूण.

म्हणून मी हप्ते भावावर न लावता निकालांवर लावायला सांगतो. साठ हजार गुंतवायचे असतील तर वीस-वीसचे तीन भाग करा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत निकाल येतात; मोठ्या कंपन्यांत बहुधा टीसीएसपासून सुरुवात होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताच, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकू नका, त्या वेळी भाव कुठेही लागतो. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग लिमिट ऑर्डर, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाची, टाका.

प्रत्येक हप्त्याआधी निकालाचं पत्रक उघडा. महसुलाची वाढ 'कॉन्स्टंट करन्सी'त, म्हणजे चलनाच्या दरातला बदल वगळून, बघा, कारण रुपया घसरला की रुपयातली वाढ आपोआप गुबगुबीत दिसते. नव्या कंत्राटांची एकूण रक्कम, म्हणजे टीसीव्ही, मागच्या तिमाह्यांच्या मानाने टिकली आहे का? मार्जिन, म्हणजे महसुलातला नफ्याचा वाटा, टिकलं असेल तर ते काम वाढल्याने की फक्त भरती थांबवल्याने? इन्फोसिस आणि एचसीएल टेक वर्षाचा अंदाज देतात, विप्रो पुढच्या तिमाहीपुरता, टीसीएस देतच नाही. तिथे टीसीव्ही आणि अमेरिकेतल्या बँकांच्या खर्चाबद्दल व्यवस्थापन काय बोलतं यावरच भागवावं लागतं. अंदाज पुन्हा खाली आणला आणि भावानेही नवा तळ केला, तर तो हप्ता लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांच्या म्युच्युअल फंडात) राहू द्या.

एक फरक मात्र कोणतंही पत्रक ठळक अक्षरात सांगत नाही. ग्राहकाने खर्च पुढे ढकलला असेल तर तो कधीतरी परत येतो. पण एआयमुळे तेच काम कमी माणसांत होऊ लागलं आणि कंत्राटाचं नूतनीकरण कमी दरात झालं, तर तो महसूल गेला तो गेलाच. अशा वेळी 'गेल्या दहा वर्षांचा सरासरी पीई' हा आधार धरू नका. कंत्राटं वाढताहेत पण महसूल हलत नाही, असं सलग तीन-चार तिमाह्या दिसलं तर मला तरी हीच शंका येते.

आणि हिशेबावरच संशय असेल तर तळ वगैरे शोधूच नका. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं, हिशेब फुगवल्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं आणि सत्यमचा शेअर एका दिवसात सुमारे १७९ रुपयांवरून ४० च्या आसपास आला.

हिंजवडीतून किंवा खराडीतून विचारणाऱ्यांना वेगळं उत्तर. तुमचा पगार आयटीतून येतो, फ्लॅटचा हप्ता त्या पगारातून जातो, कंपनीचे शेअरही मिळालेले असतात. मंदीत नोकरी आणि शेअर एकदमच डळमळतात. आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे एफडीत ठेवा. साठ हजारांचा विचार त्यानंतर, आणि तेव्हाही बँका, औषधं असं दुसरं काही चांगल्या भावात मिळतंय का ते आधी बघा.