गॅस आसा, करंट ना

जुलैत कोल्हापूरहून गूळ भरून मडगावला गेलो. रस्ता नेहमीचाच: निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, बांदा, मग पत्रादेवीवरून गोव्यात. गाडी सहाचाकी, निव्वळ सीएनजीवर चालणारी, डिझेलची टाकी नाहीच. वीस वर्षं डिझेल चालवलेल्या माणसाला ही गाडी चालू करायला नव्याने शिकावं लागतं, ते मी या खेपेला शिकलो.

पहिला झटका घाटाच्या आधीच. पंपावर गॅस भरला, सेल्फ मारला तर काही हालचाल नाही. मी फ्यूज चाचपायला लागलो. मागच्या गाडीवाला खाली उतरला आणि त्याने गॅस भरायच्या तोंडाचं झाकण दाबून बसवलं. पंपावरच्या पोराने ते अर्धवट लावलं होतं. झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. नळी लावलेली असताना कोणी गाडी हाकू नये म्हणून झाकण बंद होईपर्यंत तो इंजिन चालू होऊ देत नाही. बऱ्याच गाड्यांना ही सोय असते. भरून निघताना पहिली नजर तिथे टाका.

खरा घोळ मडगावात झाला. सावंतवाडीत चिखल फार उडाला होता म्हणून मी इंजिनसकट गाडी प्रेशरने धुवून घेतली (चूक माझीच), आणि पुढे पत्रादेवीपासून पाऊस. रात्री बाजाराबाहेर झोपलो. दमट हवेत घाम थांबेना, म्हणून केबिनचा पंखा सकाळपर्यंत चालू ठेवला. सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही. गॅसच्या काट्यात निम्म्याहून जास्त. मी डिझेलच्या सवयीने सेल्फवर सेल्फ मारत राहिलो. सातव्यांदा सायलेन्सरमध्ये असा बार झाला की समोरचा पोळीवाला सायकल टाकून पळाला. न पेटलेला गॅस सायलेन्सरमध्ये साठतो, आणि मधेच एखादी ठिणगी पडली की तोच पेटतो. म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. दोन-तीन प्रयत्नांत नाही झाली तर खाली उतरा.

वायरमन आला तो म्हातारा, कोकणीत बोलणारा. चावी फिरवायला लावली आणि गॅसच्या सिलेंडरच्या बाजूला कान देऊन उभा राहिला. व्हॉल्व्ह उघडल्याचा ‘टक’ आवाज आला. म्हणाला, “गॅस आसा, करंट ना.” म्हणजे गॅस आहे, करंट नाही.

बॅटऱ्यांवर मीटर लावला. चोवीस व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना सतरापर्यंत आकडा पडत होता. एवढ्या कमी व्होल्टेजवर सेल्फ फिरेल, पण प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही. पंख्याने रात्रभर बॅटरी खाल्ली होती, शिवाय निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड चढलेली. खारी हवा हे काम चोख करते. त्याने गरम पाणी ओतून पूड काढली, घासून ग्रीस लावलं. मग प्लगवरचे रबरी बूट उपसले. प्लग बसतात त्यातल्या दोन खाचांत पाणी, आणि एका बुटाच्या आतून पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. करंट प्लगच्या टोकाला न जाता त्या रेघेवरून बॉडीत उतरत होता. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे पेट्रोलवर कदाचित खपून गेलं असतं ते इथे खपलं नाही. खाचा हवेने फुंकून, बूट पुसून, दुसऱ्या बॅटरीचा जोड दिला, आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू. रेघ पडलेला बूट मात्र वाया गेला. तो बदलल्याशिवाय वेर्ण्याची परतीची भरती घ्यायला गेलो नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी. गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीच करायचं नाही. सेल्फला हात लावू नका, विडी दूर, सिलेंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी उघड्यावर वारा लागेल अशी राहू द्या. ताडपत्री वर बांधली असेल तर सोडा. हा गॅस हवेपेक्षा हलका, वर जाऊन छताखाली अडकतो. गळती साबणाच्या पाण्यानेच शोधायची, बुडबुडे दिसतात. आणि प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी खोड इथे सोडून द्या.

गोव्यात ट्रक वळवायला जागा असलेला पंप प्रत्येक गावात मिळेलच असं नाही, तेव्हा काटा अर्ध्यावर आला की भरून घ्या. माझ्या केबिनमध्ये आता दोन नवे बूट, मीटर आणि जोड द्यायच्या जाड वायरी कायम असतात. आणि पंखा दहा वाजता बंद, घाम येऊ दे.