तुम्ही विचारलंत म्हणून : नर्तकीला अभिनय सोपाच जात असेल ना?

लग्नात, कार्यक्रमानंतर, अगदी दातांच्या डॉक्टरकडेही हे ऐकावं लागतं : "तुम्ही कथकवाल्या, एक्स्प्रेशन्स तयारच असणार. मग मालिकेत काय अवघड?" हो म्हणून सुटता येतं. पण विचारलंतच, तर सांगते.

चेहरा तयार होता, आणि अडचण तिथेच होती. आमची तालीम शेवटच्या रांगेसाठी. भुवई उचलली की बाल्कनीला कळली पाहिजे. क्लोजअपमध्ये तीच भुवई मॉनिटरवर भूकंपासारखी दिसते. "अर्धं करा," दिग्दर्शक म्हणायचे. अर्धं केलं की, "अजून कमी."

गंमत म्हणजे याचं औषध कथकातच होतं. लखनौ घराण्याचे कथकगुरू शंभू महाराज बसून भाव दाखवायचे. ठुमरीची एकच ओळ घ्यायची आणि नुसत्या नजरेनं, मानेच्या हलक्या हालचालीनं तिचे नवे नवे अर्थ काढत राहायचं. बैठकीत रसिक जवळ बसलेले, तिथे हातवारे करून काय करणार? मोठ्या सभागृहांच्या नादात आपण ही रीत मागे टाकली, असं माझं मत आहे. मी तर मालिका सुरू झाल्यावरच ठुमरीकडे नीट वळले.

खरी दमछाक आवाजानं केली. नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितलाय : आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा). यातलं वाचिक आमच्याकडे बहुतेक गायकच सांभाळतो. पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं म्हणणं, आम्ही करतो, पण तालात बोल म्हणणं वेगळं आणि "आई, मी निघते गं" हे सहज म्हणणं वेगळं. माझं प्रत्येक वाक्य जणू तिहाई घेऊन (एकच तुकडा तीनदा म्हणून) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. घरात कोण असं बोलतं? माणसं वाक्य अर्ध्यात सोडतात, दुसऱ्याच्या वाक्यात घुसतात. त्यात श्वासाची भर. चक्करांनंतर धाप दिसू द्यायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. इथे पदराखाली लेपल माइक, आणि साउंडवाला विचारतोय, "ताई, तुम्ही जिना चढून आलात ना? मग श्वास कुठाय?"

नाचानं दिलं ते वेगळंच. खाली न बघता मार्कवर पाय पडतो. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, कोणत्या शब्दाला कप उचलला, हे क्लोजच्या वेळी हाताला आपोआप आठवतं. कंटिन्युइटीवाली मुलगी माझ्यावर खूश असते.

ही वाट मराठीत जुनीच आहे. जयश्री गडकर समूहनृत्यातून आल्या आणि १९५९ साली अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'मुळे घराघरांत पोचल्या. त्याआधी १९५५ साली व्ही. शांताराम यांनी हिंदीत, 'झनक झनक पायल बाजे'मध्ये, कथक नर्तक गोपीकृष्ण यांना थेट नायक केलं. चित्रपट गाजला, तरी पुढे त्यांचं नाव राहिलं ते नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक म्हणून. जयश्रीबाईंच्या मात्र नाचाइतक्याच बोलत्या भूमिकाही लोकांच्या लक्षात आहेत. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणि नाच सोडलेला नाही, हेही सांगून टाकते. बारा तासांच्या शिफ्टमध्ये रोजचा रियाज होत नाही, सुट्टीच्या दिवशी होतो. ऑडिशनची तयारी विचारणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते, नाचाचा व्हिडिओ नंतर पाठवा. आधी खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, कालची एखादी साधी गोष्ट मैत्रिणीला सांगा आणि ते शूट करून पाठवा.